वेशीच्या गजांतून भरलेला चुडा

मंडळी, सरसावून बसा! टाळकऱ्यांनो, टाळ मांडीवर ठेवा, कान इकडे द्या. आज एक प्रश्न आणलाय. परक्या मुलखातली वस्तू दारात आली – स्वस्त, देखणी, घ्यावीशी वाटणारी – तर दार उघडावं की लावून घ्यावं? बोला! मागचे आजोबा म्हणतात, लावा. आणि या मायबहिणी म्हणतात – बुवा, आधी वस्तू तर दाखवा!

दाखवतो! ऐका!

एक होता ऐलदेश, एक पैलदेश. दोघांच्या सीमेवर ऐलदेशाचं एक गाव. गावाला वेस, वेशीला लोखंडी गजांचा दरवाजा. गावात कासारआळी, आणि आळीचा म्होरक्या – भिवाजी कासार! लाखेची बांगडी करावी तर भिवाजीनं! शेगडीवर लाख मऊ करायची, पाटावर वळायची, रंग चढवायचा... आणि नवरीच्या हातात चुडा असा भरायचा की पोरीनं ‘आई गं’ म्हणता कामा नये. चुडा भरून झाला की नवरी कासाराच्या पाया पडायची. सरदारांच्या लेकीसुद्धा वाकायच्या! मग भिवाजीची मान कशी? ताठ!

आणि एके दिवशी वेशीतून आत आली – काचेची बांगडी! हिरवीगार! किणकिणणारी! लाखेच्या निम्म्या किमतीत! मग काय विचारता, बायकांची ही झुंबड! भिवाजीची स्वतःची बायको चिमाई, तीसुद्धा पदराखाली हात लपवायला लागली.

भिवाजी म्हणाला, “हात दाखव.”

“अहो, कणीक लागलीय हाताला.”

“कणीक किणकिणते होय गं?”

हसा, हसा! पण नुसतं हसण्यावारी नेऊ नका. आळीतली एकेक शेगडी विझत चालली होती. म्हातारे धोंडबा कासार – उभा जन्म लाख वळण्यात गेलेला – ओट्यावर बसून नुसतीच बोटं वळत राहायचे. बोटांत लाख नाही, काही नाही! पोटावर पाय आला होता हो! भिवाजीला ते बघवेना. उठला, तडक राजा धर्मसेनापुढे जाऊन उभा राहिला.

“महाराज, वेस बंद करा! माणूस खुशाल येऊ दे, जाऊ दे, पण पैलदेशाचा माल नको! काडीसुद्धा नको!”

राजा दयाळू. म्हणाला, “भिवाजी, नीट विचार केलास ना?”

“विचार कसला महाराज! आमच्या शेगड्या विझल्यात!”

झालं! दरवाजा बंद! ढोल वाजले, गुलाल उधळला, भिवाजीला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली! शेगड्या धडाधड पेटल्या, धोंडबांच्या बोटांत पुन्हा लाख आली! संपवू का आख्यान इथंच? दार लावलं, सगळे सुखी झाले, वाजवा टाळ? नाही मंडळी – खरी गोष्ट आता सुरू होते!

पुढं काय झालं, भिवाजीच्या लेकीचं, सगुणाचं, लग्न ठरलं. नवरा गावातलाच. भिवाजी आळीभर सांगत सुटला, “असा चुडा करीन, असा करीन, की सनईवाला फुंकायचं विसरेल!” आणि ऐटीत गेला इच्छाराम वाण्याच्या दुकानात.

“शेटजी, लाख काढा. उंची काढा!”

“लाख संपली, भिवाजी.”

“मग मागवा की!”

“कुठनं मागवू? लाख येते पैलदेशाच्या जंगलातून. आणि दार लावलंय कुणी?”

भिवाजीचे डोळे पांढरे झाले! सगळं आयुष्य लाखेत हात, पण ती येते कुठून, हे यानं कधी विचारलंच नव्हतं. दुकानात मिळते म्हणजे दुकानातच पिकते! हसताय? बरं, मला सांगा – हा माईक कुठून आला? उद्याच्या भंडाऱ्याच्या पुऱ्या ज्या तेलात तळणार, ते तेल कुठल्या मुलखातून बोटीत बसून आलं? आहे ठाऊक? मग भिवाजीला कशाला हसता!

घरोघरी फिरला. सगळ्यांच्या डब्यांत खडखडाट! जुन्या तुटक्या बांगड्या वितळवाव्या म्हणाला, तर चिमाई कडाडली, “वाढलेल्या बांगड्यांचा चुडा? माझ्या नवऱ्या मुलीला? जीभ तरी कशी रेटली तुमची?” बरं, काचेच्या भराव्या, तर त्या याच्याच कृपेनं बंद! इकडे सगुणाला हळदसुद्धा लागली. हात पिवळेधमक आणि मनगटं उघडी. कासाराची लेक हो! तिच्या मनगटाकडे बघून बापाचं काळीज तुटलं, आणि तो वेशीकडे धावत सुटला.

वेशीवर रायाजी पहारेकरी, भाला रोवून उभा.

“रायाजी, मूठभर लाख आत येऊ दे रे.”

“नाही जमायचं. राजाचा हुकूम. आणि मागणी कुणाची, ठाऊक आहे? भिवाजी कासारांची! लई मोठा माणूस!”

“अरे, मीच भिवाजी!”

रायाजीनं वाकून मुजरा केला. “मग तर तुम्हाला सांगायलाच नको!”

तसाच भिवाजी दरवाजातल्या छोट्या दिंडीतून, माणसांच्या वाटेनं, पलीकडे गेला. तर समोर झाडाखाली पैलदेशाची म्हातारी, बुधाई. जंगलातून लाख गोळा करणारी. बाजूला लाखेची ही रास, आणि म्हातारीचे डोळे वेशीकडे.

“आई, लाख विकायची का?”

“विकायचीच व्हती बाबा. लाख द्यायची, तुमच्याकडचं तांदूळ न्यायचं, नातवंडं जेवायची. आता कुण्या मेल्यानं दार लावलंय म्हनं. त्याच्या तोंडात माती पडो!”

भिवाजीची मान खाली गेली. “आई... तो मेला मीच.”

म्हातारीनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. “का रं असं केलंस?”

“माझी शेगडी विझली होती.”

“आन् माझी चूल रं?”

आता द्या उत्तर मंडळी! आहे तुमच्याकडे? भिवाजी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. लेकीचं सगळं सांगितलं. बुधाई उठली, राशीतली चांगली चांगली लाख निवडली आणि त्याच्या ओंजळीत घातली. “पोरीच्या चुड्याचं मोल घेत न्हाई मी. पर आत नेशील कशी?”

बघा कसा पेच! लाख वेशीच्या आत जाईना. आणि हळद लागलेली नवरी वेस ओलांडेना! करायचं काय?

भिवाजीनं बाह्या सरसावल्या! बुधाईच्या तीन दगडांच्या चुलीत विस्तव केला, लाख मऊ केली, वळली, घोटली! गजांतून ओरडून चिमाईला निरोप धाडला – सगुणाला घेऊन या! आली! सनईसकट सगळं वऱ्हाड आलं! सगुणानं गजांतून हात बाहेर काढले. हळदीनं पिवळे. आणि बाप पलीकडून चुडा भरू लागला. एक बांगडी चढली... दुसरी चढली...

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “रायाजी, माल आत चाललाय!”

रायाजी म्हणाला, “चुलीचा धूर गेलाय डोळ्यांत. काही दिसत नाही मला!”

चुडा भरून झाला. रीतीप्रमाणं नवरी कासाराच्या पाया पडायला वाकली – आणि तिचं कपाळ खणकन गजावर आपटलं. भिवाजीनं हात आत घालून तिचं कपाळ चोळलं, आणि त्याला हुंदका फुटला, “पोरी, हे गज मीच लावले गं!”

लग्नाला आलेला राजा हे सगळं बघत होता. पुढं झाला. “भिवाजी, सांग. उघडू?”

“उघडा महाराज! पण उघडताना आमच्या आळीकडे पाठ फिरवू नका. काच येऊ दे. तिच्यावर थोडी जकात बसवा, आणि ती खजिन्यात नको. ज्याची शेगडी विझेल, त्याचे हात दुसऱ्या कामाला लागेपर्यंत ती त्याच्या चुलीला!”

दरवाजा उघडला! बुधाईची लाख आत आली, तांदूळ बाहेर गेला. भिवाजीच्या हातचे चुडे पैलदेशाच्या नवऱ्या मुलींनी मागून मागून नेले! पण धोंडबांची शेगडी? ती मात्र पुन्हा विझली मंडळी. स्वस्त काचेपुढे त्यांची साधी बांगडी टिकली नाही, आणि त्या वयात नवं शिकणार काय! जकातीतून भात मिळाला, पण बोटं शेवटपर्यंत रिकामीच वळत राहिली. हे मी गाळून सांगणार नाही.

आणि आपण? आमचा कांदा बाहेर जाऊ द्या म्हणून रस्त्यावर बसणारे आपण, आणि बाहेरची डाळ आत नको म्हणून ओरडणारेही आपणच! देवापुढं तरी काय वेगळं करतो? मागायला हात पुढं, द्यायला मागं! देवा, दार जायला उघड, यायला बंद कर – असं दार कुठल्या सुतारानं केलंय?

उद्या पुरी खाल. खा, पोटभर खा! तेल स्वस्त आहे. पण ते स्वस्त तेल आलं तेव्हा आपल्याच गावातला एक तेलघाणा थांबला. निवृत्तीमामांचा! ते बघा, मागं खांबाशी बसलेत. इथं येताना सगळे त्यांच्या शेजारूनच आलात. कितीजण थांबून बोललात? एक तरी हात वर होऊ द्या!

नाही ना? मग आता देवाचं नाव मोठ्यानं घ्या, आणि वाट करून द्या. मामा, पुढं या. आज आरतीचं ताट तुमच्या हातात!