गणवेशाच्या वळकट्या

प्लॅस्टर काढायला आलेल्या मुलीच्या कानात हेडफोन होते, पण गाणं तिनं केव्हाच बंद केलं होतं. समोरच्या बाकावर राखीव दलातली एक बाई आणि तिची बॅग भरणारा तिचा धाकटा भाऊ बसले होते. बाईच्या लेकीचं आत ऑपरेशन चालू होतं.

"घड्या घातल्यास? अरे गाढवा, गणवेशाच्या वळकट्या करायच्या असतात!"

"ताई, मी बँकेत आहे, तुझ्या दलात नाही."

"दिसतंय ते. आण इकडे."

"अपेंडिक्सच तर आहे गं."

"फुटलेलं आहे! आणि दुपारी माझी बंदोबस्ताला जायची गाडी सुटतेय. ती शुद्धीवर यायच्या आधीच निघावं लागलं तर?"

"साहेबांना सांग ना."

"सांगितलं. म्हणाले, पोरंबाळं सगळ्यांनाच आहेत."

"नंबर दे त्यांचा. रोज कर्ज घ्या म्हणून फोन करून पिडतो."

"हसवू नकोस रे, वळकटी सुटतेय माझी."

तेवढ्यात दार उघडून नर्स म्हणाली, "मुलगी शुद्धीवर आलीय. आई गेली का, म्हणून विचारतेय."

"ताई, ऊठ ना!"

"आधी तोंड धुऊ दे. रडलेलं दिसलं तर घाबरेल ती."

"अगं, तिला वाटतंय तू गेलीस! रडकी तर रडकी, जा आत!"