कावादासानांच्या मांजराला कसर लागली

घर मिळत नाही म्हणून काय रडताय? इथे जपानात, उरायासूत आम्हाला घर मिळालं ते एका मेलेल्या रानमांजरामुळे.

तेव्हा आयटीवाल्यांची नुसती रीघ लागली होती आणि परदेशी माणसाला घर द्यायला कुणी मालक तयार नसायचा. कावादासान, म्हणजे आपले कावादाराव, तयार झाले, पण आधी भेटायला या म्हणाले. तरुणपणी ते केनियात नोकरीला होते, त्यामुळे इंग्रजी छान बोलायचे. माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, मला बजावून ठेवलं होतं, "तू फक्त हस. बोलू नकोस."

त्यांच्या दिवाणखान्यात पेंढा भरलेलं, ठिपक्याठिपक्यांचं मांजर उभं होतं. "एका गोळीत पाडलं," कावादासान म्हणाले.

शिरीष म्हणाला, "वा!"

मी म्हणाले, "याला कसर लागलीय."

शिरीषनं डोळेच मिटले. कावादासान चष्मा लावून वाकले, त्यांनी कानाला हात लावला, तर केस भुरभुर खाली पडले. बिचारे रडायचेच बाकी होते. मी म्हटलं, "माझ्याकडे पुण्याच्या डांबरगोळ्या आहेत, देते." घर तिथल्या तिथे पक्कं झालं.

राहायला गेल्यावर आधी अख्खं पाकीट खाली त्यांच्याकडे नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी दारात मिसेस कावादा. कमरेत वाकल्या आणि तेच पाकीट, छान कागदात गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"तुमच्या साड्यांत ठेवा," त्या हळूच म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून ते मांजर पुसतेय. इतक्या वर्षांनी एकदाचे किडे लागलेत. आता तुम्ही मध्ये पडू नका."