दाण्याएवढं मागं

रुख्मा : फोटोत हे धुकं कायचं हाये भाऊ? खुर्चीवरचा मानूस कुठं गेला?

चुन्नीलाल : बसा बाई. आधी पाणी घ्या. दवनीवाड्याहून पायी आलात?

रुख्मा : पायीच. पाय नाही राह्यले आता. पोरगी देवरीहून आली हाये, बापाचा फोटो पाहाचा म्हनते. जल्मात एकच काढला होता.

चुन्नीलाल : मला वाटलं, तुमचे बकारामजी हलले असतील.

रुख्मा : थे नाही हालले. तुमी ‘हिलो मत’ म्हनलं, तं श्वास धरून बसले. मंग गावापावतर खोकत गेले.

चुन्नीलाल : चूक माझीच आहे. हा कॅमेरा इंग्रज साहेब जाताना देऊन गेला, आठ साल झाले. मागे ही काच. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. चेहरा खरखरीत बाजूवर उमटतो. काळ्या कपड्यात डोकं घालून मी भिंग मागंपुढं सरकवून तो साफ करून घेतो, मग काचेच्या जागी फोटोची प्लेट लावतो.

रुख्मा : मंग?

चुन्नीलाल : पोळ्याच्या गर्दीत काच फुटली. नवी बसवली ती उलटी. खरखरीत बाजू भिंगाकडे हवी, ती माझ्याकडे आली. मला साफ दिसत होतं, कसम से. पण ते काचेच्या जाडीएवढं मागं. प्लेट तिथं नव्हतीच.

रुख्मा : केवढं मांगं?

चुन्नीलाल : तांदळाच्या दाण्याएवढं.

रुख्मा : येवढ्याशानं मानूस जाते?

चुन्नीलाल : चेहरा जातो. त्यांच्या मागं जे होतं, ते साफ आलं.

रुख्मा : मांगं तं मी होती.

चुन्नीलाल : म्हणून तुम्ही साफ. लुगड्याची किनार पाहा. खुर्चीच्या पाठीवरची बोटं पाहा, नखंसुद्धा दिसतात.

रुख्मा : जात्यावर म्हनत होती मी, ‘पुढं माहा धनी चाले, मांगं माही पावलं’. जल्मभर तसीच चालली. अन् फोटोत मीच तेवढी. हासले असते थे.

चुन्नीलाल : आता काच सरळ बसवली आहे. उद्या त्यांना बैलबंडीत घालून आणा. नाहीतर मीच गावात... बाई, ‘असते’ काऊन म्हणता?

रुख्मा : बुधवारी गेले. पोरगी पोचली तवा सरण इझलं होतं. तोंड पाहाले नाही भेटलं तिले.



चुन्नीलाल : बाई, मी काय करू?

रुख्मा : काई नोका करू. हाच द्या. सांगीन तिले, हे धुकं हाये ना, थो तुहा बाप.

चुन्नीलाल : तुमचा तरी एक काढू? पोरीसाठी. या, खुर्चीवर बसा.

रुख्मा : मी पुढं बसीन भाऊ. मांगं कोन उभं राहाले हाये?