अकरा काचा आणि एक उघडं दार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, जिल्ह्याहून मुद्दाम आलेले साहेब, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या रत्नप्रभा मॅडम, आणि समोर बसलेल्या खात्यातल्या भावाबहिणींनो! मी प्रेमसिंग, आरोग्यसेवक, झरी जामणी. मॅडमच्या कौतुकाला पाच मिनिटं पुरायची नाहीत, म्हणून मी आपली माझी लबाडीच सांगतो.

साल दोन हजार सहा. आमचं काम काय? दर पंधरवड्याला घरोघर जायचं, ताप विचारायचा, तापाच्या माणसाचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं. पण त्या वर्षी आपल्याकडच्या कापसात काही राहिलं नव्हतं. अर्धा तांडा वेचणीला आदिलाबादकडे गेलेला. दारोदार कुलपं. आणि टार्गेटला अकरा काचा कमी! माझ्याही अंगात कसकस होती. म्हटलं, कायले फिरायचं? झाडाखाली बसलो, स्वतःचं बोट टोचलं, अकरा काचा केल्या, अकरा नावं टाकली.

हसू नका, पुढे ऐका. अकराच्या अकरा पॉझिटिव्ह निघाल्या! हिवताप मलाच झालेला, आणि कागदावर तांड्यात साथ आली.

मॅडमना सगळ्या काचांत जंतू एकसारखेच दिसले, शंका आली. दुसरी कोणी असती तर सही करून मोकळी झाली असती. या बाई एसटीनं आल्या, पुढे चार किलोमीटर चालत, अकरा जणांची औषधं आणि वाटेत मलाही सोबत घेऊन. दहा घरांना कुलूप. अकरावं दार उघडं होतं, लालीबाईचं.

मॅडमनी विचारलं, "तुमचं रक्त कधी घेतलं?"

"मायं? मले तं कोणीच नाही टोचलं, बाई. पण माया सुनेले आठ रोज झाले, ताप उतरूनच नाही राह्यला."

सून म्हणजे राखी. पाचवा महिना चालू होता. मी लालीबाईचं नाव लिहिलं, पण दार वाजवलं नव्हतं. मॅडमनी राखीला त्याच दिवशी जीप मागवून दवाखान्यात पाठवलं. राखी वाचली. पोटातलं नाही वाचलं.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "प्रेमसिंग, बोट द्या." काच घेतली, गोळ्या दिल्या, आणि अहवालात खरं ते सगळं लिहिलं. माझी वेतनवाढ थांबली. वर्षभर मी मनात शिव्या घालत होतो, मॅडम, आज कबूल करतो. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणाला होतात, "कुलूप असेल तर कुलूप लिहा. रिकामी ओळ पाहून मी माणूस तरी पाठवीन." तेव्हापासून माझ्या रजिस्टरात कुलपंच कुलपं आहेत, आणि उघडं दार एकही सुटलेलं नाही.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या अकरा काचांची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती मागायला राखीच्या घरी गेलतो. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला, आणि आत निघून गेली.