शिरीषच्या बँडचे ग्रेटेस्ट हिट्स

आमच्या कंट्री रॉक बँडचा शेवटचा कार्यक्रम कसा झाला, सांगतो. आम्ही चौघे इंजिनियर बारा वर्षं दर रविवारी सिंगापूरमध्ये, यिशुनला शिरीषच्या घरी वाजवायचो. गाणी मराठी, शिरीषनेच लिहिलेली. त्याची नोकरी गेली, पुण्याला परतायचं ठरलं, म्हणून मित्रमंडळींसमोर आमचे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ठेवले.

पहिल्याच गाण्याला शिरीषचा गळा भरून आला. शब्द फुटेना. आम्ही नुसतेच वाजवत राहिलो.

तेवढ्यात त्याची पंधरा वर्षांची सई उठली. या मुलीच्या तोंडून मी कधी मराठी ऐकलं नव्हतं, कायम सिंगापुरी इंग्रजीच. तिने माइक घेतला आणि अख्खं गाणं म्हटलं, एकही शब्द न चुकता.

शिरीष डोळे पुसत म्हणाला, “तुझं कधी पाठ झालं गं?”

“बाबा, यू ऑल सो लाउड, लाह!”