नाल्यावर सोडलेल्या लेकी

आज मांडवात सगळ्यात आधी कोण आलं, ठाऊक हाये का? आपला इंद्रभान! सतरंजी अंथरायच्या आधी हजर, आन संगं कापडानं झाकलेलं टोपलं. ललिताबाई मले कानात म्हणे, "काकू, सत्काराले पेरू आणले वाटते." त्यात काय हाये ते सांगणार हाये मी, पन आधी ज्याचा मान त्याले देऊ द्या.

सभेचे अध्यक्ष, आपले सरपंच देवमनभाऊ. मंचावरच्या पाहुण्या, जनावराच्या डॉक्टर वर्षाराणी मॅडम. त्यांचा जाळीवाला पवन. आन समोर बसलेल्या बाया-मानसांनो, तुमाले सगळ्याले प्रयागबाईचा नमस्कार. नावं नातीनं मोठ्या अक्षरात लिहून देल्ली, म्हणून क्रम चुकला नाई. बाकीचं तोंडपाठ हाये.

नऊ दिवसांपूर्वी मॅडमची गाडी गावात आली, तवा आपण काय म्हटलं? "कुत्रे धरून, ऑपरेशन करून, परत सोडतेत? मंग उपयोग काय?" खोटं कायले बोलू, मीबी म्हटलं. नाल्यावरच्या मोकाट टोळीनं आपल्या रत्नमालाच्या तीन बकऱ्या फाडल्या होत्या, एक तर गाभण. इंद्रभान म्हणे, "हे पाहुणे गेले की मी मटनात विष कालवतो." आन आपण सगळे चूप. चूप राह्यनं म्हणजे हो म्हणनंच की नाई?

मॅडमनं गावातले बावन्न कुत्रे धरले, रेबीजचं इंजेक्शन देल्लं, ऑपरेशन केलं, खूण म्हणून कानाचा कोपरा कापला. पन नाल्यावरचं एकही हाती लागेना. गाडीचा आवाज आला की टोळी पसार! सातव्या दिवशी हा पवन माह्या ओट्यावर चहा पीत होता. चहाले नाई म्हणत नाई पोरगा, साखर तेवढी जास्त लागते. तर तो म्हणे, "आजी, एक गोष्ट समजून नाई राह्यली. गावात धरले ते बहुतेक नर. नाल्यावर दिसतेत त्या सगळ्या माद्या. असं काहून?"

बायांनो, मी हातातली बशी खाली ठेवली.

काहून म्हणजे? कुत्री व्याली की आपण नर पिल्लू दारात ठेवतो आन माद्या टोपल्यात घालून नाल्यावर सोडून येतो. पसारा वाढते म्हणून! त्या टोळीची म्होरकी, तांबूस, शेपटीले पांढरं टोक, ती भुरी माह्याच गोठ्यात जन्मली. मीच तिले सोडून आली होती, या हातानं. मेलेलं जनावर, कोंबड्या आपण तिथंच फेकतो. म्हणजे जेवाले वाढलंबी आपणच. मंग रत्नमालाच्या बकऱ्या कोणं मारल्या?

हे मी तिच्या दारात जाऊन सांगितलं. रत्नमाला म्हणे, "काकू, मले सांगून काय होते? भुरीले हाक मारून पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकर घेऊन मी नाल्यावर. गाडी नाई, जाळी नाई. "भुरे, ये वं!" चार वर्षं झाली होती. कान हालले, पन आली नाई. अर्धी भाकर टाकून झाली तवा कुठं पायाशी आली. मंग मागून आलेली ललिताबाई म्हणे, "ते लंगडी माही." अशा एकेक बाया आपापली ओळखत गेल्या. दोन दिवसांत चौदाच्या चौदा हाती आल्या! पवनची जाळी गाडीतच पडून राह्यली. त्याचं तोंड पाहाले पाह्यजे होतं.

तेरा जणींचं ऑपरेशन झालं. भुरीले नुसतं इंजेक्शन. मॅडम म्हणाल्या, "आजी, हिच्या अंगावर दूध आहे. पिल्लं असतील कुठंतरी." आज सकाळी ते इंद्रभानच्या सोयाबीनच्या कुटारात, भुशाच्या ढिगात, सापडली. इंद्रभान, काढ कापड. पाहा, हे पेरू! तीन माद्या, एक नर. विष घालतो म्हणणारा मानूस हे टोपलं घेऊन नाल्यावर नाई गेला, मांडवात आला. मले विचारते, "काकू, काय करू?"

तर मी तुमाले विचारून राह्यली. नर कोण नेते ते विचारतच नाई, तो भुरीसंगं माह्या गोठ्यात. माद्या कोण ठेवते? हात वर करा.

रत्नमाला, तू? ऐकलं का, काय म्हणते? "बकऱ्यांत वाढली तर बकऱ्या राखंल." बस बाई, बस. दुसरी ललिताबाई. तिसरी? इंद्रभान, टोपलं खाली ठेव आन हात वर कर. हां, असा!

महिनाभर पिल्लं भुरीपाशी दूध पितीन, मंग ज्याची त्यानं न्यावी. आन आजपासून मेलेलं जनावर पुरायचं, नाल्यावर फेकायचं नाई. देवमनभाऊ, मान हालवली, सगळ्याईनं पाह्यलं बरं.

मॅडम, पवन, तुमचे लय उपकार. म्हातारीच्या बोलण्यात कोणाचं नाव राह्यलं असंल, कोणाले लागलं असंल, तर घरचीच समजून पोटात घाला. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा आटोपली की पहिल्या सोमवारी तुमी परत येनार, भुरीच्या ऑपरेशनसाठी आन या पोरींसाठी. नातीनं ते गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं हाये: सोमवार, सकाळी आठ.