थोरल्या दिराला ओ

जसी : परत! बापा, दोनदा चमकलं. थांबलं. आता बघ... हे बघ, परत दोनदा!

देवशी : उन्हात टक लावून बसू नकोस, डोळे जातील. पाण्याचं पिंप गाडीवर चढवायला हात लाव. ऊन तापायच्या आत कालव्याकडं निघायचंय.

जसी : काकाच्या मिठागरावरनं येतंय ते.

देवशी : पत्र्याचा डबा असंल पडलेला.

जसी : डबा दोनदा चमकून दम खातो व्हय? आरसा आहे तो. एकदा दाखवला म्हणजे टँकर आला, दोनदा म्हणजे पाणी संपलं. तूच शिकवलंस.

देवशी : आता कसला टँकर आणि कसलं काय. तिथं कोण नाही. काका-काकी गावाला गेले. सांगितलं ना तुला?

जसी : गावात कोण आहे? पिवळी धूळ आली त्या दिवशी गाव आडवं झालं ते उठलंच नाही, असं तूच म्हणालास. ट्रक नाही, फोन नाही, आभाळातनं पाखरं पडली पटापटा. दोन महिने झाले, या मिठाच्या रणात आपण दोघं आणि ते दोघं, एवढीच माणसं. मग काका गावात कुणाकडं जेवायला गेलाय?

देवशी : वकिलीण झालीस.

जसी : खरं सांग. बापा, सहा दिवसांमागं त्यांचा आरसा दिसायचा बंद झाला. तू मला इथं ठेवून एकटाच बघायला गेलास आणि हे पिंप घेऊन आलास. काकानं दिलं म्हणालास.

देवशी : वसराम खाऱ्या विहिरीपाशी पडला होता. खोकून खोकून गेला असंल. माझ्या पाठचा भाऊ तो, जसे. त्याच्या अंगावर मीठ ओढलं आणि आलो. तुला काय सांगायचं होतं?

जसी : काका गेला?

देवशी : गेला.

जसी : आणि रतनकाकी?

देवशी : दार लोटलेलं होतं. आत कसा जाणार मी? बाहेरनं हाक मारली. एकदा नाही, तीनदा. आतनं ओ आली नाही. म्हटलं, तीही गेली.

जसी : तू हाक मारलीस?

देवशी : मग दुसरं कोण होतं तिथं?

जसी : बापा, काकी तुला ओ कशी देईल?

देवशी : काय?

जसी : तू तिचा थोरला दीर! तुझा आवाज आला की ती हनुवटीपर्यंत घुंगट ओढते. चहा द्यायचा तरी मला मधे बसवते. 'जसी, तुझ्या बापाला विचार, साखर पुरे का?' आणि तू समोरच बसलेला! मी जन्मल्यापासनं ती तुझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ती आतनं ओ देईल?

देवशी : जसे, गप.

जसी : मला का नाही नेलंस? मी हाक मारली असती तर...

देवशी : गप म्हणतो ना! बसू दे जरा.

जसी : बसू नकोस. ते बघ, अजून चमकतंय. तिचं पाणी आपल्याकडं आहे.

देवशी : कालवा चार दिवस लांब आहे, पोरी. हे पिंप दोघांना जेमतेम पुरंल. तिघांना नाही. कळतंय का मी काय म्हणतोय?

जसी : कळतंय. तू जा कालव्याला. मी काकीकडं चालले.

देवशी : थांब. ए, जसे! अनवाणी कुठं निघालीस? बापाला टाकून जाते, मोठी आली! थांब, गाडी वळवतो. ढकल मागनं.

(वसरामचं मिठागर. खोपटाचं दार.)

जसी : काकी! ए रतनकाकी!

रतन : जसे... आलीस गं बाई.

जसी : बापा, जिवंत आहे! हळू पी. हळू काकी, ठसका लागंल. बापा, आत ये ना.

देवशी : मी दाराशीच बरा.

रतन : भाऊजी आलेत? माझा पदर कुठं गेला?

जसी : मरू दे पदर, पाणी सांडतंय!

रतन : ताप होता गं. उठवत नव्हतं. उशाला कळशी होती, घोट घोट करून तिच्यावर काढले दिवस. आज कशीबशी सरपटत दारात आले. बघते तर पिंप जागेवर नाही. मग आरसा धरला.

जसी : बापाला वाटलं, घरात कोणी नाही. त्यानं तीन हाका मारल्या तुला.

रतन : ऐकल्या.

जसी : मग?

रतन : भाऊजींपुढं तोंड कसं उघडू? जीव जात होता, तरी जीभ वळली नाही. मग बांगड्या वाजवल्या. दोन्ही हातांनी, जोरात. म्हटलं, कळंल त्यांना, मी आहे.

जसी : बापाला वाटलं असंल, वाऱ्यानं काहीतरी वाजतंय. हो ना, बापा?

देवशी : त्या दिवशी वारा नव्हता, जसे.